वेळ बदलून पाहा

झोपताना शवासन केलं की थेट घोरायलाच लागतो, ल्युसिड स्वप्न (स्वप्नातच 'हे स्वप्न आहे' असं कळणारं) काही पडत नाही, अशी एकाची तक्रार आहे. पडणार कसं? रेम झोपेचे, म्हणजे ठळक स्वप्नं पडणाऱ्या झोपेचे, लांब टप्पे पहाटेकडे येतात. साधारण पाच तासांनी उठा, थोडं जागं राहा, मग आडवं होऊन एडमंड जेकबसन या डॉक्टरच्या शिथिलीकरणाच्या पद्धतीने पावलांपासून एकेक स्नायू आवळून सैल सोडत वर या. अंग सैल झालं की नुकतंच पडलेलं स्वप्न आठवत 'पुढच्या वेळी हे स्वप्न आहे हे मला कळेल' असं मनात घोळवा. हा संकल्प स्वप्नसंशोधक स्टीफन लाबर्जचा. नुसत्या शिथिलीकरणाने बहुधा झोपच लागते. आमच्या इंदुरात सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात मध्यरात्री गराडू (तळलेला कंद) हाणून येणाऱ्यांनी मात्र पाच तास झोपल्यापासून मोजावेत! झोप आधीच अपुरी असेल तर हे सुट्टीच्या दिवशीच करा.