आपली नगरपालिका : पैसा, रस्ते, गटारं आणि शेजारचे वाद. तुमचे अनुभव लिहा

डिसेंबर 2025 मध्ये कोकणातल्या नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या आणि सरकारने नेमलेल्या प्रशासकाच्या जवळपास चार वर्षांच्या कारभारानंतर सभागृहात पुन्हा नगरसेवक बसले. इतकी वर्षं ठराव मांडणारा आणि तो मंजूर करणारा एकच होता. गटार तुंबलं तर वॉर्डात हक्काने कुणाला गाठायचं, हेच कळत नव्हतं. आता विचारायला माणूस आहे, तेव्हा काय विचारायचं तेही आपल्याला माहीत हवं. म्हणून हा धागा.

कोण कुठल्या पक्षाचा, ते नको. घरपट्टी कशी ठरली, काम कुठे अडलं, शेजाऱ्याशी झालेला वाद पालिकेत गेला तर सुटला का, हे लिहा. माझं मत आधीच सांगते. पालिकेवर बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण अंदाजपत्रक उघडून बघणारे फार थोडे, आणि कामं तिथेच हुकतात.

निवृत्त लेखापाल, रत्नागिरी जिल्हा

मी पालिकेत नोकरीला लागलो तेव्हा जकात होती, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर. नाक्यावरची पावतीपुस्तकं आणि रोकड ऑफिसात यायची, मोजून बँकेत जायची. पालिकेच्या हातात रोजचा पैसा असे. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली आणि तिच्या जागी सरकारचं सहायक अनुदान आलं. ते लांबलं की पगार लांबायचे.

लोक विचारतात, एवढे कोटी आले म्हणून बातमी येते, मग माझ्या दारातला दिवा का लागत नाही? कारण तो पैसा कामाचं नाव लावूनच येतो. नगरोत्थान या राज्याच्या योजनेचा, जिल्हा नियोजनचा, दलित वस्तीचा निधी ज्या कामाला मंजूर, त्यालाच लागतो. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगात 2021 ते 2026 या काळात आपल्यासारख्या शहरांच्या निधीचा 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिलेला होता. काही योजनांत तर पालिकेला आपला हिस्सा आधी घालावा लागतो. दिव्याचा बल्ब, पंपाचं वीजबिल, पावसाआधी गटार उपसणाऱ्यांची मजुरी, हा सगळा भार येतो स्वनिधीवर. आणि स्वनिधी म्हणजे मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचं भाडं.

ही घरपट्टी आपल्याकडे अडते बंद घरांत. मालक मुंबईला, असेसमेंटला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत, अजून आजोबांचं नाव, वारस डझनभर, आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा भरेल. नोटीस दाराला डकवायची, ती पहिल्या पावसात गळून पडायची. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढत जाते. पुढे तो आकडा बघूनच कुणी पुढे येत नाही.

आम्ही वसुलीला मुद्दाम गणपतीत जायचो. दुपारची आरती आणि जेवणं आटोपली की सगळे भाऊ एका पडवीत सापडतात. एका घरी थोरल्याने सरळ सांगितलं, आपल्यात काय ते नंतर बघू, आधी हे मोकळं करा. तिथेच प्रत्येकाकडून पैसे गोळा झाले, गणपतीसमोर मोजले गेले आणि मी पावती पडवीतच फाडली. शेजारच्या घरात ते कळलं आणि संध्याकाळी तेही भरून गेले. त्या वर्षी त्या वाडीची वसुली चांगली झाली.

आणखी एक सांगतो. अंदाजपत्रक शिलकी आहे असं पेपरात आलं की तेवढ्यावर थांबू नका. त्यात अनुदानाचा रकाना बघा. गेल्या वर्षी अपेक्षित किती धरलं होतं आणि प्रत्यक्ष जमा किती झालं, हे दोन आकडे शेजारी ठेवा. शिल्लक खरी की कागदावरची, ते तिथे कळतं. फेब्रुवारीअखेर अंदाजपत्रकाची सभा होते. तेव्हा नाही विचारलं, तर पुढे वर्षभर विचारण्याला फार अर्थ उरत नाही.

गृहिणी, शहराचं नाव लिहीत नाही

आमच्या आळीतला सिमेंटचा रस्ता मे महिन्यात झाला आणि गणपतीला त्याच्या कडा ढासळलेल्या. नळजोडणीसाठी एकाने कडेला खणलं होतं. तिथे रस्त्याची जाडी उघडी पडली, माझ्या वितीएवढीही भरेना. मी पट्टी ठेवून फोटो काढला.

मग माहिती अधिकारात अर्ज टाकला. फी 10 रुपये, नकला पानाला 2 रुपये. मागितलं ते असं: त्या कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक, ठेकेदाराला दिलेला कार्यादेश, झालेल्या कामाची मापं लिहितात त्या मोजमाप पुस्तिकेची पानं आणि दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, किती आहे ते. 'रस्ता खराब का झाला' असं विचारलं असतं तर उत्तर आलं नसतं, कागद मागितले म्हणून कागद मिळाले. मोजमाप पुस्तिकेतली जाडी आणि माझ्या पट्टीवरची जाडी यांत फरक होता. दोषदायित्वाची मुदत चालू होती आणि ठेकेदाराची सुरक्षा ठेव पालिकेकडेच होती. मुख्याधिकाऱ्यांना फोटोसह पत्र दिलं, मागणी एकच, दुरुस्ती होईपर्यंत ठेव सोडू नये. दिवाळीनंतर कडा फोडून पुन्हा भरल्या. सगळा रस्ता नाही झाला. तो करून घ्यायचाच आहे, मुदत अजून संपलेली नाही.

व्यापारी, चिपळूण

22 जुलै 2021. त्याबद्दल फार लिहवत नाही. वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि पहिल्या मजल्याला टेकलं. माझ्या दुकानातल्या हिशेबाच्या वह्या चिखलाने एकमेकींना चिकटून विटा झाल्या होत्या. 2005 च्या जुलैतही पाणी आलं होतं, पण हे त्याहून वेगळं होतं.

मला सांगायचंय ते पुढचं. गाळ उपसायला इतर शहरांतल्या पालिकांची पथकं आली, तो उपकार आम्ही विसरणार नाही. पण पूर एकटी नगरपालिका थांबवू शकत नाही. नदीपात्र जलसंपदा खात्याचं, महामार्गाचा पूल दुसऱ्याचा, धरणाचं पाणी तिसऱ्याच्या हातात. पालिकेकडे उरतात गटारं, बांधकाम परवानग्या आणि पुराचा इशारा देणारा भोंगा. पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवून बांधकामावर बंधनं घालणाऱ्या निळ्या-लाल पूररेषेत अर्धं शहर अडकलं तेव्हा घर दुरुस्त करायचं तरी परवानगीचं काय, हा प्रश्न आम्ही पालिकेत नेला आणि तो मंत्रालयापर्यंत जाईपर्यंत सोडला नाही. नदीतला गाळ काढावा म्हणून शहराने साखळी उपोषण केलं. त्यात सगळ्या पक्षांची, सगळ्या गल्ल्यांची माणसं बसली. गाळ निघाला तो त्यानंतर.

एक मालवणी, सिंधुदुर्ग

आमच्याकडचा वाद गडग्याचा, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीचा. शेजाऱ्याने चिऱ्याचा नवा गडगा घातला तो थेट व्हाळीवर, पावसाचं पाणी वाहून जातं त्या ओहोळावर. पहिल्या मोठ्या पावसात पाणी आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात. बोलायला गेलो तर उत्तर तयार, "जागो माझो, गडगो माझो." आईचंही तयार, "गडगो ठेव, आमची व्हाळी मोकळी कर!"

पालिकेत अर्ज दिला. अभियंत्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं की जागा कोणाची हे पालिका ठरवू शकत नाही, त्यासाठी नगर भूमापन (सिटी सर्व्हे) कार्यालयाची मोजणी आणि गरज पडली तर दिवाणी कोर्ट. पण पाण्याचा जुना मार्ग अडवला असेल तर त्यात आम्ही पडू. त्यांनी जुना नकाशा आणला, वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांना उभं केलं आणि व्हाळी कुठून वाहायची ते विचारलं. दोघांनी एकच जागा दाखवली. मग गडगा न पाडता त्याखालून मोठा पाइप आणि अलीकडे चेंबर, असा तोडगा निघाला. खर्च दोघांत अर्धा अर्धा. लेखी घेतलं, सह्या झाल्या. हद्दीचा वाद अजून आहे, पण खळ्यात पाणी नाही आणि गणपतीला येणं-जाणं सुरू झालं.

शिक्षक, महाड

ठरावाची ताकद आणि ठरावाची दुबळी बाजू, दोन्ही आमच्या गावाने पाहिल्या आहेत. महाड नगरपालिकेने 5 जानेवारी 1924 ला ठराव करून चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केलं. ठराव कागदावर राहिला. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालिकेने तो ठराव मागे घेतला. कोर्टाची लढाई पुढे दहा वर्षं चालली आणि 17 मार्च 1937 ला उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. मुलांना मी तारखा पाठ करायला सांगत नाही. ठराव झाला आणि तळ्यावर माणूस गेला, या दोन गोष्टींत तीन वर्षं गेली, एवढं लक्षात ठेवा म्हणतो.

नगरपंचायत झालेल्या गावातून

थोडक्यात लिहितो. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा फटाके वाजले. 17 वॉर्ड झाले, मुख्याधिकारी आले, रस्त्यांना निधी वाढला. पण आमच्या वाड्या अजून शेतीच्याच आहेत. रोजगार हमीतून मिळणारी ग्रामपंचायतीची कामं बंद झाली आणि बांधकाम परवानगीला नकाशे-आर्किटेक्ट सुरू झाले. चांगलं की वाईट हे म्हणत नाही. हे आधी ग्रामसभेत समजावून सांगायला हवं होतं, कुणी सांगितलं नाही याचं वाईट वाटतं.

माजी नगरसेविका

2011 मध्ये महिलांना निम्म्या जागा मिळाल्या म्हणून माझ्यासारखी उभी राहू शकली. सभेत अजेंड्यावर 'ऐनवेळचे विषय' असतात, म्हणजे आधी न कळवता सभेतच आणलेले, त्यांच्यावर लक्ष ठेवा. एक मोठा खर्च तिथे घाईत मंजूर होत होता. मी विरोध इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, नावानिशी नोंदवायला लावला आणि नंतर नगरपरिषद कायद्याच्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले. ठराव बेकायदेशीर किंवा लोकहिताविरुद्ध वाटला तर ते त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. सुनावणीत पहिला प्रश्न आला, सभेत तुमचा विरोध नोंदलेला आहे का? होता, म्हणून पुढचं ऐकलं गेलं.

पुन्हा निवृत्त लेखापाल

घरपट्टी वाढवल्याची नोटीस आली तर काय करायचं, असं खाली दोघांनी विचारलंय म्हणून लिहितो. करवाढीची नोटीस आली तर तिच्यातल्या मुदतीत हरकत लेखी द्या, तोंडी नको. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पडवी, गोठा, माडी यांची मापं स्वतः टेपने घेऊन हरकतीसोबत जोडा. कित्येकदा मोडलेला गोठा अजून आकारणीत चालू असतो. सुनावणीला स्वतः जा. मुंबईहून येणं जमत नसेल तर घरातल्या कुणाला तरी अधिकारपत्र देऊन पाठवा, पण तारीख चुकवू नका.