घरच्या वर्कशॉपसाठी अवजारं: नवीन घ्यावीत की जुनी? (सोलापूर)

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. घराच्या मागं पत्र्याचं शेड आहे, साधारण 8 बाय 10. नोकरी बँकेतली, त्यामुळे हातोड्याशी संबंध खिळा ठोकण्यापुरताच. पण आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट वाळवीनं मागून पोखरलंय. दारं आणि फळ्या मात्र ठणठणीत आहेत. त्यातून दोन स्टूल आणि पोरीसाठी पुस्तकांची मांडणी करावी असं डोक्यात बसलंय. सुताराला विचारलं तर तो म्हणतो प्लायची नवीन करून देतो, जुनं लाकूड कुठं उगाळत बसता.

बजेट 15,000. ऑनलाइन एक किट दिसतंय: 48 व्होल्टचं बॅटरी ड्रिल, ग्राइंडर, पाने, बिट, सगळं मिळून साडेचार हजारात. मेव्हणा म्हणतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत माग भंगारात निघतायत, त्यांच्यासोबत वर्कशॉपचं सामानही निघतं, नवीन घेतोस कशाला? काय करू?

पूर्वभाग_७७

किट घेऊ नका मालक. ते 48 व्होल्ट फक्त स्टिकरवर असतात. बॅटरी उघडली की आत बहुतेक पाच सेल निघतात. एक सेल पूर्ण चार्ज झाला तरी 4.2 व्होल्ट, म्हणजे पाचांचे 21. चालवताना 18च्या आसपास धरा. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पत्र्याच्या शेडमध्ये काय तापतं ते तुम्हाला सांगायला नको. लिथियमची बॅटरी तिथं ठेवली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. बॅटरीचंच घ्यायचं असेल तर ज्याची सुटी बॅटरी दोन वर्षांनी सोलापुरातच दुकानात मिळेल असं घ्या, आणि बॅटरी घरात ठेवा.

फिटर_अण्णा

मी आधी गिरणीच्या वर्कशॉपात होतो, नंतर एमआयडीसीत माग दुरुस्तीला. आता घरीच खुडबुड चालते.

मेव्हणे अर्धं बरोबर बोलले. माझा हिशेब सोपा आहे: ज्याला वायर आहे ते नवीन, ज्याला वायर नाही ते जुनं. यात कानस धरू नका. कानस नवीनच घ्यायची, झिजलेली कानस म्हणजे नुसती लोखंडी पट्टी.

पहिली खरेदी व्हाइसची, म्हणजे काम घट्ट पकडून ठेवणाऱ्या शिकंज्याची, करा. तुम्ही ड्रिल ड्रिल करताय, पण ड्रिल मारताना लाकूड धरणार कोण? पायाखाली फळी दाबून करवत चालवणारे लई बघितले. त्यांतल्या एक-दोघांच्या पायाची बोटं मोजून घ्यावी लागतील. लाकडासाठी वेगळा व्हाइस मिळतो, पण सुरुवातीला 4 किंवा 5 इंची लोखंडकामाचा जुना व्हाइस बास. जबड्यांना आतून बाभळीच्या दोन फळ्या लावल्या की लाकडावर वण उठत नाहीत.

भंगारात व्हाइस दिसला की रंगाकडं बघू नका, रंग काल मारलेला असतो. जबडा अर्धा उघडा आणि पुढचा भाग हातानं वरखाली हलवा. थोडा हलणारच, खडखडला तर ठेवून द्या. मग जबडे मिटून उजेडासमोर धरा, एका बाजूनं फट दिसली तर जबडे वाकडे झिजलेत. मागं ठोकायला सपाट जागा असते, तिथं आणि बुडाशी, जिथं बोल्ट बसतात तिथं, तडा शोधा. रॉकेलचं फडकं फिरवून कोरडं पुसा, तडा असेल तर तिथून ओल परत वर येते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, असतं ते. बिडाला वेल्डिंग नीट धरत नाही, धरलं तरी दुसऱ्या घणाला सुटतं. स्क्रूचे आटे झिजले असतील तर मात्र घाबरू नका. आतला नट लेथवाला नवीन करून देतो. त्यामुळं आटे बघून भाव पाडायचा आणि घ्यायचा.

पटाशी जुनी घ्या, डोळे झाकून नको. टोकाशी निळा पट्टा दिसला तर कुणीतरी ग्राइंडरवर धार लावताना तापवलीय. पोलाद 230 अंशांच्या आसपास पिवळसर पडतं, 300कडे गेलं की निळं. निळं झालं म्हणजे तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, ती धार दुपारपर्यंतही टिकणार नाही. पट्टा छोटा असेल तर तेवढं घासून काढता येतं, पण सावकाश, आणि दर दोन-तीन घासांनी पाण्यात बुडवत. खात्री करायची असेल तर खिशात बारीक कानस ठेवा. टोकावर हलकी फिरवा, कानस घसरली तर पोलाद कडक आहे. सहज खरवडलं तर राहू द्या.

लोखंडी रंधा मिळाला तर बघा, 14 इंची सगळ्यात कामाचा. तोंडाशी तडा नसावा आणि बूड पोलादी पट्टी ठेवून तपासावं. पातं झिजलेलं चालतं, पातं बदलता येतं. तुमचं सागवान जुनं आहे, रंध्याला लोण्यासारखं जाईल. फक्त आधी जुने खिळे काढा, एकेक. चुंबक फिरवा वरून.

पान्ह्यांबद्दल एक सांगतो, कारण तुम्ही तिकडं जाल आणि किलोवर ढीग दिसेल. गिरण्यांची यंत्रं मूळची इंग्लंडची, त्यांचे बोल्ट व्हिटवर्थच्या, म्हणजे जुन्या इंग्रजी इंची, मापाचे. पान्ह्यावर 1/2 W लिहिलेलं असतं ते तोंडाचं माप नव्हे, बोल्टच्या दांड्याची जाडी. तोंड असतं 23 मिलिमीटरच्या पुढं. तुमच्या स्कूटरच्या 12, 14, 17 मिलिमीटरच्या नटांशी त्याचा काही मेळ नाही, लावलं की कोपरे गोल होणार. पोलाद झकास आहे हो, मी अजून वापरतो. पण तुम्हाला काय उपयोग? पाने आणि पक्कड नवीन घ्या. नाशकातच तापरियाचा कारखाना आहे, माल सगळीकडं मिळतो.

ग्राइंडर जुना कधीच नाही. जुन्या ग्राइंडरचं गार्ड हमखास गायब असतं, कारण आधीच्या मालकानं 4 इंचीवर 5 इंची चकती घातलेली असते. मिनिटाला 11-12 हजार फेरे फिरतं ते. चकतीवर जास्तीत जास्त फेरे छापलेले असतात ते वाचा, मधल्या पत्र्याच्या कड्यावर तारीख असते तीही वाचा. मुदत संपलेली, ओल धरलेली चकती फुटते. आणि ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावायला कुणीही सांगितलं, अगदी दुकानदारानं, तरी लावायचं नाही. तुमचं काम हातकरवतीनं होतं.

रिवाइंडिंग_कन्ना_चौक

अण्णा, वायरवालं सगळंच नवीन हे मला मान्य नाही. जुन्या रॅलीवुल्फ किंवा आपल्या शिरोळच्या केपीटी कंपनीच्या ड्रिलचा गिअरबॉक्स बघा एकदा. आजच्या स्वस्तातल्या मशीनमध्ये ती जाडी नाही. ड्रिल जुनं घेताना लावून बघायचं: व्हेंटमधून कार्बनपाशी बारीक ठिणग्या दिसल्या तर चालतं, कॉम्युटेटरभोवती, म्हणजे कार्बन घासतो त्या तांब्याच्या भागाभोवती, आगीचं कडंच फिरत असेल तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, गेलंय. कार्बन स्वस्त, बेअरिंग स्वस्त, आर्मेचर महाग. चकमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या तोंडात, सरळ बिट लावून टोक डोलतंय का बघा. बॉडीवरचा नंबर घासलेला असेल तर हात लावू नका, उद्या पोलीस विचारतील. आणि साधी पावती लिहून घ्या, भंगारवाला कितीही ओळखीचा असला तरी.

फिटर_अण्णा

तुम्हाला मान्य नसणारच, तुमच्याकडं मीटर आहे आणि आर्मेचर गुंडाळणारी पोरं आहेत. बँकेतल्या माणसानं ठिणग्या बघून निदान करायचं का?

जुळे_सोलापूरकर

दोघांचंही पटतंय, म्हणून मधला मार्ग काढतोय. किट रद्द. व्हाइस, पटाश्या, रंधा जुने. ड्रिल नवीन, वायरचं, 13 मिमी चकवालं. ग्राइंडर सध्या घेतच नाही, सहाणेवर धार लावायला शिकतो. एक शंका: शेडमध्ये घरातून एक्स्टेंशन ओढलंय, दोन पिनांचं. चालेल?

रिवाइंडिंग_कन्ना_चौक

नाही चालणार. ड्रिलवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला अर्थिंगची तार लागत नाही, पण उद्या टेबल फॅन लावाल, दिवा लावाल, पत्र्याचं शेड, पावसात खालची जमीन ओली. वायरमन बोलावून तीन तारांची वेगळी लाइन ओढा आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच, बसवा. हा खर्च 15,000मधूनच काढा, अवजारं एक महिना उशिरा आली तर सागवान पळून जात नाही.

पूर्वभाग_७७

आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. दुपारी 2 ते 4 रंधा चालेल, ड्रिल नको.

फिटर_अण्णा

व्हाइस बघायला जाताना मला इथंच मेसेज टाका, मी येतो. पण सकाळी 10च्या आत निघू. एकदा ऊन चढलं की भंगारवालाही घासाघीस करत नाही आणि आपल्यालाही दम राहत नाही. येताना कापडी पिशवी नको, गोणी आणा.