झेडएसएम-५ ला कॉस्टिकने भोकं का पडत नाहीयेत?

प्रश्न: झेडएसएम-५ ची (हे एक झिओलाइट, म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम नि ऑक्सिजनची बारीक छिद्रांची चौकट) पावडर ०.२ मोलर कॉस्टिक सोड्यात ६५ डिग्रीला अर्धा तास ढवळली, धुतली, वाळवली, तरी मेसोपोअर (काही नॅनोमीटरची मोठी भोकं) जवळपास शून्य. सिलिकॉन-ॲल्युमिनियम रेशो १५ आहे. चुकतंय कुठे?

उत्तर १: रेशोच नडतोय राव. हायड्रॉक्साइड सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन बॉण्ड तोडतो, सिलिकॉन विरघळून निघून जातं आणि तिथे पोकळी पडते, पण ॲल्युमिनियमच्या चौकटीवर निगेटिव्ह चार्ज असतो ना, तो हायड्रॉक्साइडला जवळ फिरकू देत नाही, शेजारचं सिलिकॉनपण त्यात वाचतं. २५ ते ५० रेशोवालं घ्या, साधारण १० नॅनोमीटरची भोकं मिळतील. मूळची जेमतेम अर्ध्या नॅनोमीटरची असतात.

प्रश्नकर्ता: मग २०० चं घेतलं तर अजून भारी?

उत्तर १: नाही हो, मग अडवायला कोणी नाही, नुसतं विरघळत सुटतं, भोकं मोठी नि वेडीवाकडी, हातात माल कमी.

उत्तर २: आणि नंतर सौम्य ॲसिडने धुवा, ॲल्युमिनियमचा कचरा पोअरच्या तोंडाशी बसतो. सोडियम काढायला अमोनियम नायट्रेट एक्स्चेंज करून (सोडियमच्या जागी अमोनियम बसवून) भट्टीत भाजायचं, नाहीतर ॲसिड साइट (रिॲक्शन घडवणाऱ्या आम्ली जागा) मिळणारच नाहीत. मी एकदा विसरलो होतो, आठवडा गेला.