आधी पाइप बघा, मग पॅनल

आगरातला, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेतला, ५ एचपी (अश्वशक्ती) डिझेल पंप काढून तेवढाच सौर पंप बसवावा का, असा प्रश्न पडतो. तेवढाच नको, आधी पाइप बघा. १ लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि अरुंद पाइप असेल तर त्यातलं बरंच डिझेल नुसत्या घर्षणात संपतं. दोनऐवजी अडीच इंची पाइप टाकला की तेवढ्याच पाण्याला घर्षण साधारण एक तृतीयांश उरतं. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे विहिरीतल्या पाइपच्या तळाची झडप, काढून धुवा. वॉशरखाली जांभ्या दगडाची खर अडकली की पाणी विहिरीत परत उतरतं आणि दर वेळी पंपात पाणी भरत बसावं लागतं. एवढं करून पोफळींना मोकाट पाण्याऐवजी ठिबक दिलं तर पुष्कळदा ३ एचपी पुरतो.

पॅनल मात्र आगरात नकोतच! माडाच्या एका झावळीची सावली पडली तरी पॅनलच्या अख्ख्या ओळीची वीज घटते. वर कातळावर, दक्षिणेला तोंड करून बसवा. रत्नागिरीच्या आसपास कल १७ अंशांचा. खाऱ्या वाऱ्याला साधे नटबोल्ट टिकत नाहीत, ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचेच मागा. आणि मे महिन्यात विहीर तळाला जाते, तेव्हा पंप कोरडा चालला तर आपोआप बंद होतो का, हे पैसे देण्याआधी चालवून बघा.