डॉक्टर-इंजिनिअर एका छताखाली: इमारत खरंच लागते का?

वरवंटा: बंगळूरच्या आयआयएससीत, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, वैद्यकीय महाविद्यालय आणि ८०० खाटांचं रुग्णालय उभारायला २०२२ मध्ये बागची आणि पार्थसारथी या दोन दांपत्यांनी ४२५ कोटी रुपये जाहीर केले. एमडीबरोबर पीएचडी, आणि हाकेच्या अंतरावर इंजिनिअरिंगचे विभाग. सगळीकडे टाळ्या. मला मात्र वाटतं, एवढा पैसा सिमेंटात कशाला? तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं स्वदेशी हृदयझडप केली, तेव्हा रुग्णालय एकीकडे आणि बायोमेडिकल विभाग पूजप्पुऱ्याच्या जुन्या राजवाड्यात, काही किलोमीटर लांब. तरी १९९० मध्ये झडप पेशंटला बसली, आणि पुढे लाखाहून जास्त जणांना.

गवतीचहा: उदाहरण तुमच्यावरच उलटतंय हो. जागा दोन असतील, पण संस्था एक आणि संचालकही एकच: डॉ. वलियथन, स्वतः हार्ट सर्जन. आधीची मॉडेलं फसली, चौथं चाललं. एवढं फसूनही काम बंद पडलं नाही ते याचमुळे. दोन वेगळी विद्यापीठं असती तर सामंजस्य करार झाला असता, पेपरात फोटो आला असता, आणि विषय संपला असता.

वरवंटा: मग मीही तेच म्हणतोय ना! माणूस हवा, इमारत नको.

बायोमेडवाला: मी रुग्णालयात यंत्रं सांभाळतो, म्हणून बोलतो. सिरिंजमधलं औषध हळूहळू सोडणारा सिरिंज पंप लॅबमध्ये टेबलावर छान शोभतो. वॉर्डात तो डुगडुगत्या स्टँडला लटकलेला असतो, आणि अलार्म रात्रभर कोकलतो म्हणून स्पीकरवर मायक्रोपोअरची, म्हणजे ड्रेसिंगची, चिकटपट्टी मारलेली. सिस्टरांना नावं ठेवू नका, एकटीच्या अंगावर अख्खा वॉर्ड असतो. ही पट्टी कुठल्याच स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेली नसते, ती डोळ्यांनीच बघावी लागते. दोन मजले उतरून जायचं असेल तर इंजिनिअर जाईल. तासभर ट्रॅफिकमधून जायचं म्हटलं की व्हिडिओ कॉलवर भागवतो.

खडकवासला_लोकल: पट्टीचा मुद्दा जबरी. पण त्यासाठी नवं रुग्णालय कशाला? आयआयटी मुंबईत २०१४ पासून 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र आहे, राज्य सरकारच्या पैशावर सुरू झालेलं. नागपुरात व्हीएनआयटी आणि पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंगच्या संस्थांत त्याची केंद्रं निघाली. डॉक्टर अडचण सांगतात, पोरं उपकरण बनवतात. आहे त्या रुग्णालयांत इंजिनिअर पाठवा की.

गवतीचहा: पाठवा, पण बसवणार कुठे? स्टॅनफर्डचं क्लार्क सेंटर २००३ मध्ये उघडलं, मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या मधोमध. आतली टेबलं चाकांवर, येण्याजाण्याचे रस्ते बाहेरच्या गॅलऱ्यांतून. कोणाची भिंत कुठे, हा वादच नको. आपल्याकडे एका विभागाचा ऑसिलोस्कोप (विजेचे सिग्नल दाखवणारं यंत्र) दुसऱ्याला हवा असेल तर तीन सह्या लागतात.

वरवंटा: चाकं लावून सह्या कमी होणार आहेत का? आणि डॉक्टर कुठून आणणार? रेसिडेंट डॉक्टरला ड्युटीतून जेवायला सवड नाही, तो खालच्या मजल्यावर प्रोटोटाइप बघायला येणार? त्या ४२५ कोटींतून डॉक्टरांना आठवड्याचा एक दिवस संशोधनासाठी मोकळा करून द्या, मग मी गप्प बसतो.

बायोमेडवाला: रुग्णालयाला देणगीदारांचं नाव लागतं, साहेब. रेसिडेंटच्या मोकळ्या मंगळवारला कोणाचं लावणार?

गवतीचहा: फेलोशिपला लावतातच की!