गाविलगडाची पहाटेची वाट आणि मोफत स्टेकचा संदेश

प्रश्न (अचलपूर तालुका):
नमस्कार. आम्ही गावातील पाच जण येत्या डिसेंबरात चिखलदऱ्याहून गाविलगड पायी पाहणार आहोत आणि सूर्योदय किल्ल्यावरूनच दिसावा म्हणून पहाटे साडेचारला निघण्याचा विचार आहे. आमच्यापैकी दोघे साठीच्या पुढचे आहेत. दुसरे असे की, मोबाइलवर या वाटेची माहिती शोधल्यापासून एक संदेश वारंवार येतो. पायी भटकंती करणाऱ्यांना उंची स्टेकचा, म्हणजे भाजण्यासाठी कापलेल्या मांसाच्या जाड तुकड्यांचा डबा मोफत मिळेल, केवळ पोचवण्याचे ९९ रुपये भरावेत, असे त्यात म्हटले आहे. पुतण्याला ते खरे वाटते. कृपया दोन्हींबाबत सांगावे.

उत्तर (चिखलदरा):
दादा, साडेचारला कृपया निघू नका. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि हा परिसर मेळघाटच्या जंगलाचा आहे. मला बिबट्यापेक्षा अस्वलाची धास्ती अधिक वाटते, कारण त्याची नजर अधू असते, वारा उलटा असला तर माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला चाहूल लागत नाही, आणि दचकलेले अस्वल पळण्याऐवजी अंगावर येते. त्यामुळे चांगले उजाडल्यावर, वनविभागाकडे प्रवेशाची वेळ विचारून, सर्वांनी एकत्र आणि आपसांत बोलत चालावे. कानात गाणी लावू नयेत.

ज्येष्ठांची काळजी करू नका. किल्ला उत्तरेला पठाराशी जोडलेला आहे, म्हणूनच १८०३ साली इंग्रजांनी तोफांचा मुख्य मारा त्याच बाजूने केला होता. तुम्हीही तिकडूनच जाणार असल्याने दक्षिणेकडच्या मैदानातून चढण्याचे कष्ट पडणार नाहीत. मात्र आतला विस्तार मोठा आहे, तेव्हा प्रत्येकी दोन लिटर पाणी घ्या आणि किल्ल्यातील तळ्याचे पाणी पिऊ नका. शार्दूल दरवाज्यावरील गंडभेरुंडाचे, म्हणजे दोन डोक्यांच्या काल्पनिक पक्ष्याचे शिल्प पाहण्यासाठी निवांत वेळ ठेवा, घाईत ते नीट दिसत नाही.

उत्तर (वरूड तालुका):
स्टेकबद्दल सांगते. गोठवलेले मांस उणे १८ अंशांवर ठेवावे लागते. तेवढी व्यवस्था करून ते कोणी आपल्या खेड्यात ९९ रुपयांत पोचवील, हे मला पटत नाही. खऱ्या विक्रेत्याच्या पाकिटावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक असतो, तो त्यांना विचारून पाहा. गेल्या वर्षी माझ्या भावाने अशाच एका भेटवस्तूसाठी किरकोळ रक्कम भरली होती. ती भरताना त्याने यूपीआयच्या ऑटोपेला नकळत संमती दिली आणि पुढे दर महिन्याला खात्यातून पैसे जाऊ लागले.

प्रश्नकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. आम्ही सात वाजता निघू. पुतण्याला विचारले, तेव्हा त्याने काल रात्रीच पैसे भरल्याचे कबूल केले. आता काय करावे?

उत्तर (वरूड तालुका):
यूपीआय ॲपमधील ऑटोपेची यादी आत्ताच उघडून ती संमती रद्द करा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्या संदेशातून एखादे ॲप उतरवून घेतले असेल तर तेही काढून टाका. मुलाला रागावू नका, त्याने वेळेत सांगितले आहे.