६४ कोअरच्या सर्व्हरवर मोजणीच महाग पडते आहे, उपाय काय?

पवईकर:
नमस्कार. आमच्या पवईच्या कार्यालयात लिनक्स कर्नलसाठी (कार्यप्रणालीच्या गाभ्यासाठी) एक मॉड्यूल लिहिण्याचे काम चालू आहे. दोन सॉकेट (प्रोसेसर चिप बसवण्याच्या जागा) आणि एकूण ६४ कोअर असलेल्या सर्व्हरवर येणारी पॅकेट तपासून पुढे पाठवणे, एवढेच त्याचे काम. किती पॅकेट आली, किती टाकून दिली आणि एकूण किती बाइट गेले हे मोजण्यासाठी मी तीन सामायिक अ‍ॅटॉमिक गणक (ज्यांची वाढ मध्येच तुटत नाही असे) ठेवले होते. चार कोअरच्या यंत्रावर सारे ठीक होते. येथे मात्र मोजणी काढून टाकली की मॉड्यूलचा वेग लगेच वाढतो, म्हणजे कामापेक्षा कामाची नोंदच जड झाली आहे. म्हणून प्रत्येक गणकासाठी ६४ घरांचा अ‍ॅरे केला आणि प्रत्येक सीपीयूने (म्हणजे कोअरने) आपापल्याच घरात वाढ करावी अशी व्यवस्था केली, तरी फारसा फरक पडला नाही. याचे कारण मला उमगलेले नाही. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की, आकडेवारीच तर आहे, सामायिक गणकच ठेवून साधे ‘++’ वापरावे, दोन-चार पॅकेट चुकली तरी चालतील. हे कितपत योग्य आहे?

गिरगावकर:
सहकाऱ्यांचा सल्ला मानू नये, कारण त्यात अचूकता जाते आणि हवा तो वेगही मिळत नाही. साधी वाढ म्हणजे वाचणे, एक मिळवणे आणि परत लिहिणे. दोन कोअरनी एकाच वेळी जुने मूल्य वाचले की एक वाढ हरवते, आणि एवढ्या गर्दीत अशा वाढी दोन-चारच हरवतील याची काहीच खात्री नाही. शिवाय मोठा खर्च कॅश लाइनच्या, म्हणजे कोअरजवळच्या वेगवान स्मृतीत एकत्रच हलणाऱ्या बाइटांच्या तुकड्याच्या, मालकीचा आहे. ज्या कोअरला लिहायचे आहे त्याच्याकडे ती लाइन यावी लागते आणि इतरांकडील प्रती रद्द व्हाव्या लागतात. चार मजली कचेरीत एकच हजेरीपुस्तक असावे आणि प्रत्येक सहीसाठी ते जिन्याने वर-खाली न्यावे लागावे, तसा हा प्रकार आहे. सही क्षणात होते, वेळ जातो तो पुस्तक आणण्यात, आणि लाइन दुसऱ्या सॉकेटवर असेल तर तो आणखी वाढतो.

आपल्या अ‍ॅरेचेही हेच झाले. एका गणकाला ८ बाइट लागतात, एक्स८६ वर कॅश लाइन ६४ बाइटची असते, म्हणून शेजारच्या आठ सीपीयूंची घरे एकाच लाइनवर आली. रकाने वेगळे, पण पान एकच. यालाच फॉल्स शेअरिंग म्हणतात. प्रत्येक घर ६४ बाइटपर्यंत फुगवता येते, पण मला तो मार्ग पटत नाही: ८ बाइटांपायी ५६ वाया जातात, आणि पॉवर प्रोसेसरवर लाइन १२८ बाइटची असल्याने तेथे तेवढेही पुरत नाही. त्याऐवजी तिन्ही गणकांचे एक स्ट्रक्चर करून ते ‘अ‍ॅलॉक_परसीपीयू’ने घ्यावे. मग प्रत्येक सीपीयूचे गणक त्याच्या स्वतःच्या स्मृतिक्षेत्रात एकमेकांलगत राहतात. वाढ ‘धिस_सीपीयू_इन्क’ने करावी, बाइटांची बेरीज ‘धिस_सीपीयू_अ‍ॅड’ने.

मुलुंडकर:
वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त वाचनाबद्दल लिहितो, कारण या पद्धतीत लिहिणाऱ्याचे ओझे वाचणाऱ्यावर येते. बेरीज करताना चालू सीपीयूंवरून न फिरता संभाव्य अशा सर्व सीपीयूंवरून फिरावे. नाहीतर एखादा सीपीयू बंद केला की त्याची जुनी मोजणी बेरजेतून गळते आणि वाढतच जायला हवी अशी संख्या मागे येते. मिळणारी बेरीज एका विशिष्ट क्षणाची नसते. तरी एकेकाने वाढत जाणाऱ्या गणकात ती वाचन सुरू होतानाच्या आणि संपतानाच्या खऱ्या मूल्यांच्या दरम्यानच असते, आणि आकडेवारीला तेवढे पुरते. ३२-बिट यंत्रावर ६४-बिट मूल्य दोन तुकड्यांत वाचले जाते आणि मध्येच बदलले तर चुकीचे दिसू शकते, त्यासाठी ‘यू६४_स्टॅट्स_सिंक’ आहे.

बेरीज वारंवार लागत असेल, उदाहरणार्थ मर्यादा तपासण्यासाठी, तर ‘परसीपीयू_काउंटर’ पाहावा. त्यात प्रत्येक सीपीयू आपली वाढ साठवतो आणि ठरावीक टप्पा गाठला की सामायिक मूल्यात मिसळतो. हा टप्पा किमान ३२, किंवा सीपीयूंच्या दुप्पट, यांपैकी जो मोठा तो. आपल्याकडे ६४ सीपीयू धरले तर १२८. म्हणजे झटपट वाचलेल्या मूल्यात सुमारे ८,००० पर्यंत तफावत असू शकते. मर्यादा जवळ आली की ‘परसीपीयू_काउंटर_सम’ने पूर्ण बेरीज घ्यावी.

पवईकर:
दोघांचेही मनापासून आभार. स्ट्रक्चर बदलले आणि मोजणीचा भार जाणवेनासा झाला. एक शंका उरते: हाच गणक इंटरप्ट हँडलरमधूनही (चालू काम थांबवून हार्डवेअरच्या हाकेला उत्तर देणाऱ्या कोडातूनही) वाढतो. इंटरप्ट बंद करावे लागतील का?

गिरगावकर:
नाही. ‘धिस_सीपीयू_इन्क’ इंटरप्टपासून सुरक्षित आहे. एक्स८६ वर ती एकच सूचना असते, मध्येच तुटत नाही, आणि तिला लॉक उपसर्गही (इतर कोअरना रोखून धरणारी खूणही) लागत नाही. दोन अधोरेखांनी सुरू होणारे ‘__धिस_सीपीयू_इन्क’ मात्र येथे वापरू नये, कारण प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून सीपीयू दुसऱ्या कामाला देणे) आधीच बंद आहे आणि इंटरप्टमधून त्या गणकाला कोणी हात लावत नाही, असे ते गृहीत धरते. उरलेल्या कोडात असाच संघर्ष कोठे आहे का, हे लिनक्स ४.१० पासून आलेल्या ‘पर्फ सी२सी’ या साधनाने तपासावे, कोणत्या लाइनसाठी कोअर झगडत आहेत हे ते थेट दाखवते.